वाचनाची सोय आणि जतनाचा जिम्मा

विद्यापीठांच्या व संशोधनसंस्थांच्या ग्रंथालयांतून छापील नियतकालिके मागे सरत असून त्यांची जागा इलेक्ट्रॉनिक आवृत्त्या घेत आहेत. या स्थित्यंतराकडे पाहण्याच्या दोनच तऱ्हा आपल्याकडे रूढ झालेल्या दिसतात. एका पक्षाला ती निव्वळ प्रगती वाटते. तोच मजकूर अधिक त्वरेने, अधिक वाचकांना आणि इमारतीतील वीतभरही जागा न अडवता मिळत असेल, तर जुन्या खंडांचा मोह कशाला, असा त्याचा रोकडा सवाल असतो. दुसऱ्या पक्षाला ती संस्कृतीची हानी वाटते. मात्र ती कशी, हे सांगताना कागदाचा स्पर्श, शाईचा वास आणि वाचनकक्षातील शांतता यांपलीकडे तो सहसा जात नाही. हे पक्ष एकमेकांशी कितीही भांडोत, एका बाबतीत त्यांचे पूर्ण मतैक्य आहे आणि नेमके तेच मला उथळ वाटते. हा प्रश्न वाचनाच्या माध्यमाचा आहे, असे दोघेही धरून चालतात.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य असे की, हा प्रश्न मुळात ताब्याचा आहे. छापील अंकाच्या वर्गणीत ग्रंथालयाला वाचनाची सोय आणि जतनाचा अधिकार या दोन गोष्टी एकत्र मिळत होत्या. इलेक्ट्रॉनिक आवृत्तीने पहिली अनेक पटींनी वाढवली आणि दुसरी, फारसा गाजावाजा न होता, काढून घेतली. यास्तव वाचन पडद्यावर नेणे सर्वथा योग्य असले, तरी जतनाचा जिम्मा कोणी, कोठे व कोणत्या हक्काने पत्करला आहे हे ठरल्यावाचून छापील खंड निकालात काढणे ही कर्तव्यच्युती होय. आणि दुसरे असे की, काय टाकावे व काय राखावे याचा जो क्रम आज सोयीस्कर वाटतो, तो विद्येच्या दृष्टीने बरोबर उलटा आहे.

१. स्थित्यंतराच्या बाजूचे तथ्य

पूर्वपक्षाची मांडणी त्याच्या सर्वात बलवान रूपात करावी, हा आपल्याकडील वादपद्धतीचा जुना शिरस्ता आहे. १६६५ साली पॅरिसचे ‘जुर्नाल दे सावां’ आणि लंडनचे ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ सुरू झाल्यापासून सव्वातीनशे वर्षे संशोधनपत्रिका ही कागदाची वस्तू होती, आणि कागदाची वस्तू जेथे पोचेल तेथेच विद्या पोचेल, हा त्या व्यवस्थेचा अटळ नियम होता. मराठवाड्यातील किंवा कोकणातील एखाद्या महाविद्यालयाला परदेशी पत्रिकांची वर्गणी परवडण्याचा प्रश्नच नव्हता. तेथील अध्यापकाने सुट्टीत पुणे-मुंबई गाठावी आणि हाताने टिपणे उतरवून न्यावीत, हीच रीत होती. त्या व्यवस्थेचे गोडवे गाणाऱ्याने ती कोणाकोणाला दाराबाहेर ठेवीत होती, हे विसरू नये.

हे दार संघटित वर्गणीच्या मार्गाने उघडले. २००३ मध्ये दिल्लीच्या आयआयटीत केंद्र असलेला ‘इंडेस्ट’ हा तंत्रशिक्षणसंस्थांचा संघ उभा राहिला; विद्यापीठांसाठी ‘यूजीसी-इन्फोनेट’ आली; २०१५ मध्ये हे प्रवाह ‘ई-शोधसिंधू’त एकवटले. त्यापुढचे पाऊल म्हणजे २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेली ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, ६,३०० हून अधिक संस्था आणि सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, अध्यापक व संशोधक असा तिचा व्याप आहे. छापील अंकांच्या मार्गाने असा विस्तार स्वप्नातही शक्य नव्हता.

जागेची अडचणही काल्पनिक नव्हे. अमेरिकेतील ‘जेस्टोर’ हा जुन्या नियतकालिकांचा प्रसिद्ध संग्रह १९९५ मध्ये उभा राहिला तो मुख्यतः याच अडचणीतून. मेलन फाउंडेशनचे अध्यक्ष विल्यम बोवेन हे ओहायोतील डेनिसन विद्यापीठाचे विश्वस्तही होते. तेथील ग्रंथालयाला नवी इमारत हवी, अशी मागणी आली असता, भिंती वाढवण्याऐवजी जुने खंडच प्रतिमारूपात आणून सर्वांनी मिळून वापरावेत, ही कल्पना त्यांना सुचली. हे सारे मला मान्य आहे. माझे म्हणणे याच्या पुढे सुरू होते.

२. खरेदी आणि परवाना

छापील अंक ग्रंथालयात आला, आवक नोंदवहीत चढला आणि वर्षअखेरीस त्याची बांधणी झाली की त्या प्रतीवरचा प्रकाशकाचा अधिकार संपत असे. ग्रंथस्वामित्व लेखकाचे वा प्रकाशकाचे राहिले, तरी ती विशिष्ट वस्तू ग्रंथालयाची होती. पुढल्या वर्षी वर्गणी बंद झाली, प्रकाशकाने दर दुप्पट केला, प्रकाशनसंस्था विकली गेली किंवा पत्रिका बंद पडली, तरी कपाटातला खंड कोणी मागावयास येत नसे. इलेक्ट्रॉनिक आवृत्तीच्या व्यवहारात खरेदीखत नाही. तेथे करारनामा आहे, त्याला मुदत आहे आणि मजकूर प्रकाशकाच्या सर्व्हरवर आहे. स्वतःच्या वाड्यात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या कुटुंबाने वाडा मोडून प्रशस्त जागा भाड्याने घ्यावी, तसा हा बदल आहे: जागा वाढली खरी, पण भाडेपट्ट्याची मुदत कधी संपते याची चिंता नव्याने सुरू झाली.

करारातील एका कलमाने केवढा फरक पडतो, याचे उदाहरण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये या विद्यापीठाने ‘एल्सेव्हिअर’ या बलाढ्य प्रकाशनसंस्थेशी चाललेली बोलणी थांबवली आणि मार्च २०२१ मध्ये नवा करार होईपर्यंत ते वर्गणीवाचून राहिले. या काळात नवे लेख त्याच्या वाचकांना बंद झाले. पण पूर्वीच्या करारांत आधीच्या मजकुराचा कायमचा हक्क लिहून घेतलेला असल्याने जुन्या लेखांपैकी बहुतेक वाचता येत राहिले. दोन वर्षे भाव न देता तटून बसण्याचे बळ त्या विद्यापीठाला आले, त्यात या कलमाचा वाटा मोठा होता. ते कलम नसते, तर वर्गणी थांबवताच मागील वर्षांचा संग्रहही हातातून गेला असता आणि बोलणी करणाऱ्याची अवस्था शरणागताची झाली असती. जतनाचा हक्क हा केवळ भावी पिढ्यांसाठी असतो असे नव्हे. आजच्या घासाघिशीतही तोच ग्रंथालयाचे भांडवल असतो.

म्हणून कोणत्याही सामुदायिक योजनेला, ती कितीही उदार असो, एक प्रश्न विचारलाच पाहिजे. उदाहरणार्थ, ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ची मुदत २०२७ च्या अखेरीस संपत असेल, तर १ जानेवारी २०२८ रोजी, नवा करार झालाच नाही असे धरून, २०२६ सालचा लेख कोठे व कोणाच्या परवानगीने वाचता येईल? उत्तर लेखी असेल, तर छापील प्रत टाकण्याचा विचार सुरू करण्यास हरकत नाही. उत्तर ‘बहुधा नवा करार होईलच’ असे असेल, तर आपण संग्रह मिळवलेला नाही, केवळ काही वर्षांची वहिवाट मिळवली आहे.

३. अनेक प्रतींचे प्रामाण्य

ताब्याचा प्रश्न पैशापुरताच असता, तर तो लेखापालांवर सोडता आला असता. परंतु तो प्रामाण्याचाही आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेऊन १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती कशामुळे शक्य झाली? विष्णु सीताराम सुकथनकरांची प्रज्ञा हे एक कारण. दुसरे, तितकेच निर्णायक कारण असे की, काश्मीरपासून केरळपर्यंत निरनिराळ्या लिप्यांतून, एकमेकांच्या ताब्यात नसलेल्या घराण्यांत व मठांत, त्या ग्रंथाच्या शेकडो पोथ्या टिकून होत्या. एका पोथीत कोणी श्लोक घुसडला तर दुसरी साक्ष देई. एकीचे पान गळाले तर तिसरी ते भरून काढी. साऱ्या पोथ्या एकाच राजाच्या एकाच कोठीत असत्या, तर पाठचिकित्सा या शास्त्राला आधारच उरला नसता.

विकेंद्रित प्रतींचे हे प्रामाण्य इलेक्ट्रॉनिक युगात निरुपयोगी ठरले आहे काय? २००१ सालची एक घटना पाहावी. ‘ह्यूमन इम्युनॉलॉजी’ या पत्रिकेत पॅलेस्टिनी लोकांच्या अनुवंशासंबंधी प्रसिद्ध झालेला एक लेख त्यातील राजकीय विधानांमुळे वादग्रस्त ठरला. प्रकाशकाने संकेतस्थळावरून तो काढून टाकला आणि छापील अंकाच्या वर्गणीदारांना, तो दुर्लक्षावा, शक्य तर ती पाने फाडून काढावीत, असे कळवले. लेख योग्य होता की अयोग्य, हा येथे मुद्दा नाही. संकेतस्थळावर तो नाहीसा करण्यास एक हुकूम पुरला, छापील अंकांच्या बाबतीत शेकडो ग्रंथपालांची विनवणी करावी लागली आणि ती मानणे न मानणे प्रत्येकाच्या हाती राहिले, एवढे ध्यानात घ्यावे. चूक झालेला लेख मागे घेतला गेला पाहिजे, पण तो काय होता हे इतिहासाला कळण्याची सोयही उरली पाहिजे; आणि ती सोय प्रकाशकाच्या मर्जीवर अवलंबून असता कामा नये.

आनंदाची गोष्ट अशी की, हे तत्त्व ओळखणारी माणसे संगणकाच्या जगातच निघाली. स्टॅनफर्ड विद्यापीठात गेल्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या ‘लॉक्स’ या उपक्रमात प्रत्येक सहभागी ग्रंथालय इलेक्ट्रॉनिक मजकुराची स्वतःची प्रत स्वतःच्या यंत्रावर ठेवते. ही यंत्रे आपापल्या प्रती परस्परांशी ताडून पाहतात आणि एखादी बिघडलेली आढळली तर बहुमताच्या आधारे ती दुरुस्त करतात. सुकथनकरांचे सहकारी पोथ्या जुळवीत होते, त्याच न्यायाने हे काम चालते. त्याच धर्तीवरील ‘क्लॉक्स’ हे भांडार आणि २००५ मध्ये सुरू झालेले ‘पोर्टिको’ प्रकाशकाने हात वर केले तर मजकूर खुला करण्याची तजवीज करतात. सारांश, इलेक्ट्रॉनिक असणे आणि एककेंद्री असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीला विरोध करण्याचे कारण नाही, दुसरीला आहे.

ही तजवीज सर्वत्र झाली आहे, अशा समजुतीत मात्र कोणी राहू नये. लंडनच्या बर्कबेक महाविद्यालयातील मार्टिन ईव्ह यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सुमारे ७४ लाख प्रकाशने तपासली असता त्यांपैकी सुमारे २८ टक्के प्रकाशनांची प्रत कोणत्याही मान्यताप्राप्त जतनभांडारात आढळली नाही. २००० ते २०१९ या काळात जगातील सुमारे पावणेदोनशे मुक्तप्रवेश पत्रिका इंटरनेटवरून नाहीशा झाल्याचे दुसऱ्या एका अभ्यासाने दाखवले. मातब्बर संस्थाही अभेद्य नाहीत: ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर संगणकीय हल्ला झाला तेव्हा तिची सूचीदेखील जानेवारी २०२४ पर्यंत लोकांना मिळू शकली नाही, आणि कायद्यान्वये जमा झालेला इलेक्ट्रॉनिक संग्रह त्यानंतरही दीर्घकाळ बंद राहिला.

४. जपण्याचा उलटा क्रम

येथवरचे विवेचन मान्य केले तर, सर्वच छापील खंड जपावेत असा निष्कर्ष निघत नाही. निघतो तो क्रमाचा. ‘नेचर’सारख्या पत्रिकेचे जुने खंड जगभरातील शेकडो ग्रंथालयांत आहेत, त्यांच्या प्रतिमा झाल्या आहेत, स्वतंत्र भांडारांत त्या ठेवलेल्या आहेत. पुण्यातील एखाद्या संस्थेने आपला संच जागेअभावी काढला तर त्या संस्थेची गैरसोय होईल, विद्येचे नुकसान होणार नाही. भारतीय पत्रिकांतही ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ ‘जेस्टोर’मध्ये समाविष्ट असल्याने तिच्याविषयी फारशी चिंता नको.

आता दुसरे टोक पाहावे. भारत इतिहास संशोधक मंडळाचे त्रैमासिक, मराठी संशोधन मंडळाची ‘मराठी संशोधन पत्रिका’, वाईच्या प्राज्ञपाठशाळा मंडळाचे ‘नवभारत’, पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाचे ‘परामर्श’, आणि त्यांच्याही खाली जिल्ह्याजिल्ह्यांतून निघालेली व विझलेली कितीतरी नियतकालिके. या पत्रिकांचे वर्गणीदार मूळचेच थोडे, कागद बहुधा हलका आणि मागे उभा असलेला प्रकाशक म्हणजे एखादे मंडळ व दोनचार निष्ठावंत कार्यकर्ते. यांची प्रत एका ग्रंथालयातून गेली तर ती दुसरीकडे असेलच, असा भरवसा देता येत नाही. जुन्या मराठी अंकाची पाने प्रतिमारूपात आणली, तरी जोडाक्षरांनी दाटलेला तो छापील मजकूर यंत्राला बिनचूक वाचता येतोच असे नाही. म्हणजे प्रतिमा झाली तरी शोध घेण्याची सोय होत नाही आणि शंका आली की मूळ अंकच उघडावा लागतो.

असे असता, ‘सर्व काही ऑनलाइन आहे’ या एका वाक्याच्या जोरावर छापील नियतकालिकांची वर्गणी सरसकट बंद करण्याचा निर्णय झाला, तर लाखोंच्या परदेशी वर्गणीबरोबर काहीशे रुपयांची मराठी वर्गणीही बुडते. पहिलीच्या जागी संघटित योजनेतून पर्याय येतो, दुसरीच्या जागी काहीच येत नाही. जे महाग होते ते जगभर सुरक्षित, आणि जे स्वस्त होते तेच एकुलते एक, हा विपर्यास अंदाजपत्रकाच्या रकान्यांत दिसत नाही, कारण तेथे वस्तूची किंमत असते, तिची दुर्मीळता नसते. पुस्तके व वृत्तपत्रे सार्वजनिक ग्रंथालयांस देण्याविषयीचा १९५४ चा कायदाही छापील प्रतच गृहीत धरून केलेला आहे. ब्रिटनने २०१३ मध्ये नियम करून इलेक्ट्रॉनिक प्रकाशने अशा प्रदानाच्या कक्षेत आणली. केवळ संकेतस्थळावर निघणाऱ्या मराठी पत्रिकेसाठी तसे बंधन आपल्याकडेही हवे.

५. संभाव्य आक्षेप

(अ) जागेचा व खर्चाचा आक्षेप. खंड राखणे फुकट होत नाही, हे खरे. अमेरिकेतील पॉल कूरंट व मॅथ्यू नील्सन यांनी २०१० मध्ये केलेल्या हिशोबानुसार खुल्या कपाटातील एक ग्रंथ राखण्यास वर्षाला ४.२६ डॉलर, तर दाट साठवणुकीच्या स्वतंत्र इमारतीत अवघे ८६ सेंट लागतात. या आकड्यांतून खंड टाकून द्यावेत असे निष्पन्न होत नाही. ते प्रत्येकाने आपापल्या महागड्या दालनात ठेवू नयेत, सर्वांनी मिळून स्वस्त जागी ठेवावेत, असे होते. ब्रिटनमध्ये २००७ पासून ‘यूके रिसर्च रिझर्व्ह’ने हेच केले: ब्रिटिश लायब्ररीत एक आणि सदस्य ग्रंथालयांत दोन, अशा किमान तीन प्रती देशात राहतील ही खात्री करून मगच इतरांना आपल्या प्रती काढण्याची मुभा दिली.

(आ) कागदही नश्वरच आहे. अर्थातच. लाकडाच्या लगद्याचा आम्लयुक्त कागद पिवळा पडून तुटतो, कोकणचा पावसाळा आणि वाळवी यांना विद्वत्तेची चाड नसते, आणि बांधणी करताना मुखपृष्ठे व जाहिराती काढून टाकणाऱ्यांनीही इतिहासाचे थोडे नुकसान केलेले नाही. परंतु दोन्ही माध्यमे नश्वर असतील, तर त्यातून दोन्हींत प्रती ठेवण्याची निकड सिद्ध होते. एकाला सोडून दुसऱ्याच्या भरवशावर राहण्याची नव्हे. शिवाय दोन्हींचा नाश एकाच रीतीने होत नाही. कागद हळूहळू व जागोजाग नासतो आणि डोळ्यांना दिसतो. सर्व्हरवरचा मजकूर एका दिवसात सर्वत्र बंद होऊ शकतो.

(इ) हे खंड कोणी वाचतच नाही. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पंचसूत्रीत वापराला पहिले स्थान आहे, असा दाखलाही यासाठी दिला जातो. परंतु चालू वर्षातील मागणी हा संदर्भसाहित्याचा एकमेव निकष मानला, तर अभिलेखागारे प्रथम बंद करावी लागतील. वापर नाही म्हणून खंड दर्शनी दालनातून हलवावा, हे न्याय्य. अखेरची प्रत रद्दीत घालावी, हा त्यातून निघणारा निष्कर्ष नव्हे.

(ई) मुक्तप्रवेशाने हा प्रश्न सुटेल. मुक्तप्रवेश वाचकाचा प्रश्न सोडवतो, जतनाचा नाही. वर नाहीशा झालेल्या म्हणून सांगितलेल्या पत्रिका मुक्तप्रवेशीच होत्या आणि त्यांपैकी बहुतेक विद्वत्संस्थांच्या व शिक्षणसंस्थांच्या होत्या. सद्भावनेला संकेतस्थळाचे वार्षिक शुल्क भरता येत नाही.

(उ) स्वपक्षाचा एक युक्तिवाद. छापील अंक चाळताना अनपेक्षित लेख सापडतो, पडद्यावर मागितले तेवढेच मिळते, म्हणून विद्या संकुचित होते, असे म्हटले जाते. जेम्स इव्हान्स यांनी २००८ मध्ये ‘सायन्स’मध्ये तसा निष्कर्ष काढला, तर पुढच्याच वर्षी लारिव्हिएर व सहकाऱ्यांनी, उद्धृत होणाऱ्या लेखांचे केंद्रीकरण उलट कमी होत आल्याचे दाखवले. ज्या मुद्द्यावर तज्ज्ञांचे असे मतभेद आहेत, त्यावर छापील प्रतीचा दावा उभारू नये. ताब्याचा व प्रामाण्याचा मुद्दा पुरेसा आहे.

६. निर्लेखनापूर्वीच्या अटी

या साऱ्याचे फलित, निर्लेखनाआधी, म्हणजे खंड नोंदीतून काढून टाकण्याआधी, पाळावयाच्या चार अटींत सांगता येईल. पहिली, प्रत्येक इलेक्ट्रॉनिक करारात, वर्गणी थांबल्यानंतरही ज्या वर्षांचे पैसे भरले त्या वर्षांचा मजकूर कायम मिळेल, असे कलम असावे, आणि सामुदायिक करारात ते सरकारने स्वतः आग्रहपूर्वक घालून घ्यावे. दुसरी, तो मजकूर प्रकाशकाहून स्वतंत्र अशा भांडारात आहे याची खातरजमा पत्रिकावार व्हावी आणि राष्ट्रीय करारांतील मजकुराची निदान एक प्रत या देशातील यंत्रांवर असावी. तिसरी, विद्यापीठांनी विभागवार एक सामायिक साठवणगृह चालवावे आणि तेथे किती प्रती राहिल्या हे सर्वांना पाहता येईल अशी सामायिक सूची ठेवावी. चौथी, मराठी व अन्य देशी पत्रिकांना सरसकट निर्णयातून वगळून त्यांची वर्गणी, बांधणी व प्रतिमांकन यांसाठी स्वतंत्र तरतूद असावी. परदेशी छापील वर्गण्या बंद झाल्याने वाचणाऱ्या रकमेच्या मानाने ती नगण्य ठरेल.

या अटींसाठी अलौकिक निधी लागत नाही, लागते ते उत्तरदायित्व. आज निर्लेखनाच्या ठरावात खंडांची संख्या, मूळ किंमत आणि रद्दीचा दर लिहिला जातो. त्यात आणखी एक रकाना वाढवावा: या पत्रिकेची राखीव प्रत कोणाकडे व कोणत्या हक्काने आहे. ज्या पत्रिकेपुढे तो रकाना भरता येईल, तिचे खंड ग्रंथपालाने निःशंकपणे काढावेत आणि मोकळी झालेली जागा विद्यार्थ्यांना बसण्यासाठी द्यावी. ज्या पत्रिकेपुढे तो कोरा राहील, तिच्यापुरता ठराव नामंजूर समजावा, मग ती इलेक्ट्रॉनिक रूपात कितीही सुलभ दिसत असो.